केसांत जिरलेलं पाणी

"हिला एकच घागर द्या! बाकीचं केसांतच जिरतंय!" टँकरपाशी शेजारच्या काकू ओरडल्या, तशी सगळी रांग खदखदून हसली.

ती थाप मूळ माझी.

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा नव्या कचेरीतली ही टायपिस्टबाई आमच्या गल्लीत राहायला आली. तिचे कुरळे केस एवढे दाट, की चिमणी शिरली तर वाट चुकून थेट उदगीरला निघावी! दर रविवारी पायरीवर बसून ती आधी बोटांनी गुंता सोडवायची, मग टोकाकडून वर लाकडी फणी न्यायची. फणी अडली की केसांनाच म्हणायची, "थांब गं बाई, घाई न्हाई." केस ओल्यासारखे चमकायचे. मी गल्लीभर सांगितलं, "मांजरा नदी हिच्या अंबाड्यात आटली!"

त्या दिवशी तिला खरंच एकच घागर मिळाली. मी रांगेतच होतो. "मस्करी केली होती" एवढं म्हणायलाही माझी जीभ रेटली नाही.

संध्याकाळी तोंड लपवत मी घरातली एक घागर तिच्या दारात नेली. "केस धुवायला घ्या."

तिनं ती पिण्याच्या माठात ओतली.

"केसांत चमकतंय ते तेल असतंय, भाऊ. दिवाळीपासून केसांना पाणी लावलं न्हाई."