पासवर्डचं कुणी विचारलंच नव्हतं

ते प्रकरण अजूनही डोक्यातून जात नाही. इंटरनेट कॅफे नवे नवे निघाले होते. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शिपाई म्हणून भरती होऊन त्या खुर्चीपर्यंत पोचलो होतो. संगणक प्रशिक्षणासाठी दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा वरून दुसऱ्याचंच नाव गेलं. तो राग अजून आहे.

हातमागाच्या पिशव्या परदेशात विकणारे एक सेठजी तक्रार घेऊन आले. परदेशी गिऱ्हाइकांचे पैसे एका कंपनीकडच्या ज्या ऑनलाइन खात्यात यायचे, ते कुणीतरी रिकामं केलं होतं.

"नालवाडीच्या कॅफेवाल्याचंच काम आहे, साहेब. त्याच्याच कंप्युटरवर बसतो मी."

खबऱ्याने सांगितलं, कॅफेवाल्याने नवी मोटारसायकल घेतली. मला एवढं पुरलं. दोन दिवस त्याला सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत ठाण्याच्या बाकावर बसवलं. येणारे-जाणारे बघत होते.

"गाडी कुठून आली?"

"हप्त्यावर घेतली, साहेब. मले काऊन बसवून राह्यले?"

मी हात उचलला. तो जागचा हलला नाही.

"मारा. पन आधी सेठजीची फाईल मागवा. ते हर मेलची प्रिंट काढून ठेवतात. दहा मिनिटं द्या. पैसे कसे गेले ते दाखवता नाई आलं, तर टाका आत."

"पाच."

"सात."

"बरं, सात."

सेठजी स्वतःच फाईल घेऊन आले. त्याने तिच्यातले दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"हा मेल खरा. यात सेठजीचं पूरं नाव आहे. अन् ह्यात? नुसतं 'प्रिय ग्राहक'. वरून धमकी, चोवीस तासांत खातं बंद. खाली पासवर्ड मागून राह्यला. खरी कंपनी पासवर्ड कायले मागन?"

मग त्याने मला आणि सेठजींना कॅफेत नेलं, सेठजींना तोच मेल उघडायला लावला आणि त्यातल्या लिंकवर माउसचा बाण नेला. पडद्याच्या तळाशी कंपनीचा नाही, भलताच पत्ता उमटला.

सेठजी पांढरे पडले. पाचशेची प्रत्येक नोट उजेडात धरून बघणारा हा माणूस.

"तुम्ही भरला पासवर्ड?" मी त्यांना विचारलं.

"भरला. खातं बंद होईन म्हटलं."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठी, साहेब?"

फिर्यादीने स्वतः काय केलं, हा पहिला प्रश्न. तोच मी विचारला नव्हता. प्रशिक्षण मिळालं नाही ही तक्रार खरी, पण हा प्रश्न विचारायला संगणक लागत नाही.

चोर सापडला नाही. पण बाकावरच्या त्या दोन दिवसांनी कॅफेतली गिऱ्हाइकं तुटली होती. दुसऱ्या दिवशी जीप कॅफेच्या दारात लावली आणि वर्दीतच गिऱ्हाइकासारखा तासभर आत बसलो. शेजारचे दुकानदार डोकावून गेले. मी उठलो तेव्हा त्याने तासाचे वीस रुपये सांगितले. मी भाजीवाल्याशीही घासाघीस करणारा माणूस. त्या दिवशी मुकाट्याने वीस दिले.