पाटीची हिरवी बाजू

जहाजानं कोची मागं टाकलं होतं आणि आज दिवसभर ते कुठंच थांबणार नव्हतं. पुढचं बंदर उद्या. आजचा दिवस नुसता समुद्राचा, खायचं, बसायचं, लोळायचं. सर्जेरावांनी सकाळी उठून खोलीच्या खिडकीचा पडदा सारला, तर मागून आवाज आला.

"वढा तो. डोळ्याला तरास होतो."

"उन्हाचा?"

"पाण्याचा."

मुक्ताबाई न्हाणीत होत्या. नळ बारीक सोडून बर्फ ठेवायचं स्टीलचं भांडं भरत होत्या. चहाचे दोन कप, पेले, रिकाम्या बाटल्या, एवढंच काय धुऊन घेतलेला कचऱ्याचा डबासुद्धा काठोकाठ भरून आरशाखाली रांगेनं मांडलेला होता. कशावर झाकण नाही. आरशाच्या कोपऱ्यात बाबासाहेबांचा छोटा फोटो टेकवलेला, त्याच्या पुढ्यातही एक पेला.

"मुक्ते, अगं चोवीस तास पाणी हाय ह्या नळाला. समुद्राचं पाणी मशीनीत घालून गोड करत्यात हे लोक."

"आन मशीन बंद पडली मंजी?"

केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या अलीकडच्या त्यांच्या गावात, बंद न पडलेली मशीन सर्जेरावांनी पाहिली नव्हती. ज्या साखर कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली, आधी उसाच्या फडावर टोळ्यांना चिठ्ठ्या वाटणारा स्लिपबॉय आणि मग शेतकी खात्यात कारकून, त्या सहकारी कारखान्याचं धुराडंसुद्धा शेवटी थंडच झालं होतं.

पोरगा बंकट पुण्यात कंपनीत आहे. त्यानंच तिकिटं काढली. "दादा, मायला घेऊन जा. जलमात कुठं गेलती ती?" सर्जेराव हो म्हणाले ते काही समुद्र बघायला नाही. त्यांच्या मनात एकच होतं. बाईनं एक दिवस, फक्त एक दिवस, भांड्यांकडं न धावता आपल्या शेजारी बसावं.

कारण मुक्ताबाई बसायच्याच नाहीत. गावाकडं कुणाच्या लग्नात पंगतीला बसल्या तरी अर्ध्यातून उठायच्या. "घरी जाऊन येते." घरी जाऊन काय, तर रांजण भरलेला आहे का, त्याचं झाकण काढलेलं आहे का, दार उघडं आहे का, एवढं बघून परत. उन्हाळ्यात तर उंबऱ्याबाहेर भरला तांब्या ठेवलेला असायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यानं प्यावं म्हणून. इथं जहाजावरही तेच चाललं होतं. नाश्त्याचे दोन घास खाल्ले की वर खोलीत फेरी.

नाश्त्याच्या टेबलावर नाशिकचे भगवानराव भेटले. निवृत्त मामलेदार, गमत्या माणूस.

"काय सर्जेराव, वहिनी पुन्हा पळाल्या? खोलीत सोनं पुरून ठेवलंय की काय?"

"तसंच समजा."

"अहो मग वाटा की आम्हाला पण!"

सर्जेराव हसले. पण घास तोंडात फिरत राहिला.

नाश्ता करून खोलीवर गेले आणि दोघं पुन्हा निघाले, तेव्हा दार ओढताना सर्जेरावांचा हात कडीवरच्या पाटीशी गेला. पाटीला दोन बाजू. लाल म्हणजे आत येऊ नका, हिरवी म्हणजे खोली झाडून-पुसून द्या. जहाजात चढल्यापासून लालच बाजू वर होती, तशी मुक्ताबाईंची ताकीद होती. त्या पुढं भिंतीला धरून चालत होत्या. सर्जेरावांनी पाटी हिरवी केली.

हे त्यांनी रात्रीपासून घोळवून ठेवलं होतं. एकदा भांडी रिकामी झालेली बघंल, आणि तरीबी काही वंगाळ झालं न्हाई हे बघंल, मग सुटंल. हळूहळू सुटंल. असा त्यांचा हिशेब.

"चल, वर जाऊ," ते म्हणाले. "एक दिस तरी मानसावानी बसू."

मुक्ताबाईंनी मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. मग आल्या.

वरच्या मजल्यावर कापडी खुर्च्या मांडल्या होत्या. मधोमध पोहायचा हौद, त्यात चार-दोन गोरी माणसं पडलेली. मुक्ताबाईंनी त्याच्याकडं पाठ करून खुर्ची ओढली.

"एवढं पानी निसतं लोळायला?"

"हौस असती एकेकाची."

"आन ह्यो," त्यांनी कठड्यापलीकडं हनुवटी केली, "ह्यो पिता येतुय का?"

"खारट हाय."

"मग कावून हाय एवढा?"

सर्जेरावांना इतकं हसू आलं की खोकला लागला. मुक्ताबाई पण हसल्या. पदरात तोंड घालून हसल्या. किती वर्षांनी बघितलं ते हसू त्यांनी! भगवानरावांनी आइस्क्रीम आणून दिलं, ते मुक्ताबाईंनी चमचा न घेता जिभेनं चाटून खाल्लं. वाऱ्यानं पदर उडाला तर सावरायची घाई केली नाही. एकदा उठल्या, "बघून येते जरा," म्हणाल्या, पण सर्जेरावांनी मनगट धरलं तशा बसल्या. दुपारी तिथंच त्यांचा डोळा लागला. सर्जेराव त्यांच्या उघड्या तोंडाकडं बघत बसले. जमलं, असं वाटलं त्यांना. पण त्या सुखात कुठंतरी खडा होता, कारण ह्याआधी त्यांनी मुक्ताबाईंना मनगट धरून असंच बसवलं होतं ते एकदाच.

तो दुष्काळाचा मे महिना होता. गावात टँकर यायचा आणि कोरड्या विहिरीत पाणी ओतून जायचा. बाया-पोरी दोर टाकून ते शेंदायच्या. रात्रीतून पाण्याची चोरी व्हायची, म्हणून लोकांनी प्लास्टिकच्या ड्रमांना साखळ्या घालून कुलपं लावली होती. सर्जेराव नोकरीत कायम झाले ते त्याच साली, आणि कारखान्याच्या कामगार पतसंस्थेनं कायम झालेल्यांचा सपत्नीक सत्कार ठेवला. मुक्ताबाई नको म्हणत होत्या, टँकर येणार होता. सर्जेराव म्हणाले, एक दिस तरी मानसावानी बसू. बंकटला मामाकडं धाडलं. छबूला, नऊ वर्षांच्या पोरीला, शेजारच्या पारूबाईकडं ठेवलं. ड्रम भरलेला होता. निघताना सर्जेरावांनीच सांगितलं, कुलूप लाव. किल्ली मुक्ताबाईंच्या कमरेला.

सत्काराला शाल-नारळ मिळाला. मुक्ताबाई मधेच उठायला लागल्या, तर त्यांनी मनगट धरून बसवलं. जेवणात बुंदी होती.

छबू दुपारी तहानेनं घरी आली. ड्रमला कुलूप. पारूबाई टँकरमागं गेलेली. पोरीनं कळशी घेतली आणि विहिरीवर गेली. काठावर गर्दी होती, रेटारेटी होती. त्यात ती आत पडली, हे गावानं सांगितलं. संध्याकाळी दोघं घरी पोचले तेव्हा ड्रम तसाच भरलेला होता.

त्यावर नवरा-बायकोत कधी शब्द झाला नाही. मुक्ताबाईंनी ती साखळी उकिरड्यावर टाकली, एवढंच. घराला पण पुन्हा कुलूप लागलं नाही.

ऊन उतरल्यावर दोघं खाली आले. मुक्ताबाई आता लटपटत नव्हत्या. "उंद्या सकाळीच जाऊन बसू तितं," असंही म्हणाल्या. सर्जेरावांनी दार उघडलं.

खोली लखलखीत होती. पलंगावर टॉवेलाचा घड्या घालून केलेला हंस. कप पालथे, पेले पालथे, बर्फाचं भांडं पुसून कोरडं. कचऱ्याच्या डब्यात नवी पिशवी.

मुक्ताबाई उंबऱ्यातच थांबल्या. एकेका भांड्यावरून नजर फिरली. मग त्यांनी वळून दाराची पाटी बघितली.

"कुनी फिरवली?"

सफाईवालीवर ढकलता आलं असतं. तेवढा एक श्वास सर्जेरावांनी वाया घालवला.

"म्या."

"हं."

त्या आत गेल्या. नळ सोडला. पाठमोऱ्याच बोलल्या, आवाज चढवला नाही की काही नाही.

"तवाबी तुमीच म्हनला हुता. कुलूप लाव."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सर्जेराव भिंतीला धरून न्हाणीच्या दारापर्यंत आले, बर्फाचं भांडं उचलून नळाखाली धरायला गेले.

"ठिवा ते. माजं मी भरते."

कप भरले, पेले भरले, बाटल्या भरल्या. पिशवी काढून डबा धुतला, भरला. शेवटचा एक पेला हातात घेऊन त्या दाराशी आल्या आणि बाहेर गालिच्यावर, भिंतीच्या कडेला ठेवला. जहाजात आल्यापासून असं त्यांनी केलं नव्हतं. दार उघडंच सोडून पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडल्या. हंस उशाशी तसाच.

"मुक्ते."

बाहेर ठेवलेली भांडी इथली माणसं उचलून नेतात, हे सर्जेरावांना ठाऊक होतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि दारात, पेल्याजवळ बसले. थोड्या वेळानं उष्टी ताटं गोळा करत एक माणूस गाडा ढकलत आला. वाकला.

"साब, ये ग्लास ले जाऊँ?"

"न्हाई," सर्जेराव म्हणाले. "राहू द्या. कुनाला तरी लागंल."

तो माणूस न समजून मान हलवत पुढं गेला. आत मुक्ताबाईंच्या पाठीत काही हललं नाही. पेल्यातलं पाणी तेवढं जहाजाबरोबर ह्या काठाला, त्या काठाला जात राहिलं, आणि सर्जेराव ते सांडू नये म्हणून बघत बसले.