कोपरा फाटलेलं कार्ड

हदगाव तालुक्यातल्या आमच्या गावात आता टपाल वाटायला एक मुलगी येते. पाकीट दिलं की तिथंच मोबाइलवर सही घेते. कोणतं टपाल कुणाला कधी मिळालं, ते लगेच वर कळतं. मी पोस्टमन होतो तेव्हा असं नव्हतं. एखादं कार्ड माझ्या खिशात राहिलं, तर ते मलाच ठाऊक.

तेव्हा मयताचं कार्ड कोपरा फाडून पाठवायचे. ते घरात ठेवत नसत. वाचलं की लगेच फाडायचं. असं कार्ड थैलीत दिसलं की ते घर मी सगळ्यात शेवटी घ्यायचो. मला दारात पाहूनच बायका रडायला लागत. एका म्हातारीनं तर मला पांढऱ्या पायाचा म्हटलं होतं.

एका घरी मुलीची हळद होती. त्याच सकाळी नवरीच्या आईच्या, म्हणजे अक्कांच्या नावानं त्यांच्या माहेरून, उदगीरहून कार्ड आलं. कोपरा गेलेला. मी न वाचताच ते खिशात घातलं. गेलेला माणूस काही परत येत नाही, लग्न तरी होऊ दे, अशी मनाची समजूत घातली. खरं तर त्या मांडवात पाय टाकायला मी भ्यालो.

दुसऱ्या दिवशी नवरीची पाठवणी झाल्यावर मी अक्कांना सांगितलं की कोपरा फाटलेलं कार्ड कालच आलंय, लग्नासाठी थांबवलं. रडारड सुरू झाली. मग वाचून दाखवायला मी कार्ड काढलं. त्यात लिहिलं होतं: वडील सिरियस आहेत, सारखं तुझं नाव घेतात, लवकर ये. कोपरा वाटेत, थैलीतच कुठं तरी फाटला होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"वडील गेले," मी म्हणालो, आणि रिवाजाप्रमाणे कार्डाचे तुकडे केले.

अक्का उदगीरला गेल्या. त्या परत येईपर्यंत मला एकच घोर लागला होता. म्हातारा जिवंत निघाला तर? पण ते हळदीच्या रात्रीच गेले होते. मग कार्ड त्याच्या आधी सकाळीच कसं आलं, हे त्या दुःखात कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी सुटलो.

पोस्टमननं लग्न वाचवलं, असं गाव अजून म्हणतं. परवा अक्कांच्या ओट्यावर बसलो होतो, तेव्हा त्या हेच नातसुनेला कौतुकानं सांगत होत्या. मला ऐकवेना. मी सगळं सांगून टाकलं.

त्यांनी विचारलं, "म्हंजे मी इथं हळद लावून राहिले तवा बाप माझी वाट बघून राहिला व्हता?"

"हाव, अक्का."

"जायचं का न्हाई, ते मी पाह्यलं असतं."

त्यांनी नातसुनेला दार लावायला सांगितलं. गावालाही खरं कळावं म्हणून हे लिहिलं. त्या दारावरून जायला मात्र अजून पाय उचलत नाही.