मास्तरांची कादंबरी त्या गोळीवरून नव्हती

देवराव मास्तर गेले ते मला चिखलीच्या एसटी स्टँडवर समजलं. लोहाराकडून वखराची पास पाजवून घेतली होती आणि साखरखेर्ड्याच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. गावातला एक पोरगेला माणूस जवळ आला आणि म्हणाला, "किसनभाऊ, तुमचे मास्तर गेले सकाळी." मी त्याच्यावरच डाफरलो, "परवा त माह्या घरून चहा पिऊन गेले ना बे!" तो खाली पाहत उभा राहिला.

परवा आले होते हे खरंच होतं. ओट्यावर बसले, चहा घेतला, आणि उठता उठता दर वेळचं विचारलं, "वाचलं का हो किसनभाऊ?" मीही दर वेळचंच सांगितलं, "वाचू ना मास्तर, पुस्तक काय पळून चाललं?" ते हसले आणि निघाले. आमची गल्ली लिंबापाशी वळते. कोणाच्याही घरून निघाले की वळणावर थांबून एकदा मागं पाहायचं आणि हात वर करायचा, ही मास्तरांची सवय. मी थट्टा करायचो, "सासरी चाललेल्या पोरीवानी मागं काय पाहता हो?" त्या दिवशीही त्यांनी पाहिलं असेल. मी पाहिलं नाही. मी घरात शिरलो होतो.

मास्तर आमच्या गावच्या शाळेत शिकवायचे. महाराष्ट्र झाला त्याच्या एक-दोन वर्षांनी त्यांची कादंबरी छापून आली. जुन्या काळच्या लढाईची आणि त्या लढाईवर गेलेल्या शिलेदाराची वाट पाहणाऱ्या बाईची गोष्ट. आमच्या शिवारात जुन्या काळी मोठी लढाई झाली म्हणतात. मला एकदा नांगरताना शिशाची गोळी सापडली, बोराएवढी, ती मी मास्तरांना नेऊन दिली होती. पुढं चिखलीला त्यांचा सत्कार झाला तेव्हा कोणी विचारलं, ही कादंबरी सुचली कशावरून? मास्तरांनी खिशातून ती गोळी काढली आणि म्हणाले, "आमच्या किसनभाऊंच्या नांगराला लागली ही." मी पहिल्याच रांगेत होतो. त्या दिवसापासून मी गावोगाव सांगत आलो की कादंबरी माझ्या गोळीवरून झाली. मास्तर गेल्यावर पेपरात जे आलं त्यातही गोळीच होती. ते खरं नाही, एवढं सांगायला मी हे लिहीत आहे. मी चौथी अर्ध्यात सोडलेला माणूस. एक शिकलेले पाहुणे म्हणाले, तुम्ही सांगा, आम्ही लिहून देतो. मी त्यांना हात लावू दिला नाही.

जर्मनीच्या लढाईच्या वेळी मी फौजेत भरती झालो, रस्ते बांधणाऱ्या पलटणीत. ब्रह्मदेशाच्या बाजूला चार वर्षं काढली. घरी कौतिका, माझी बायको. तिला अक्षर येत नाही, म्हणून तिची कार्डं मास्तर लिहायचे. त्यांच्या ओट्यावर उतरतं डेस्क असायचं. ते मांडी घालून लिहायचे आणि ही खालच्या पायरीवर बसून सांगायची. मला तिकडं यायचं ते असं: गाय व्याली, पाऊस बरा आहे, आम्ही खुशाल आहोत. मी चार-चार वेळा वाचायचो. परत आलो तेव्हा दाढी वाढलेली, अंगात खाकी. कौतिका दारात होती. मला पाहून तिनं पदर ओढला आणि विचारलं, "कोन पाह्यजे?" चार वर्षांनी घरी आलेल्या माणसाला! मला असा राग आला की तसाच पाठ फिरवून निघालो. दहा पावलं गेलो नसेन, ती रडत मागून धावत आली. या एका गोष्टीवरून मी तिला जन्मभर टोचत आलो. पाहुण्यांपुढं, लेकीच्या लग्नातसुद्धा. ती कधी उलटून बोलली नाही.

पुस्तक मास्तरांनी मला पहिल्याच दिवशी दिलं होतं. मी ते कापडात बांधून फळीवर ठेवलं. कार्ड वाचणं वेगळं, एवढं जाड पुस्तक वेगळं... ते झेपायचं नाही हे कबूल करणं माझ्या स्वभावात नाही. तेरावं झाल्यावर मात्र खाली काढलं. रोज दुपारी दोन-तीन पानं. मला मोठ्यानं वाचल्याशिवाय समजत नाही, त्यामुळे तिकडं ज्वारी पाखडता पाखडता कौतिकाच्याही कानावर पडायचं. कादंबरीतली बाई छावणीत कागद धाडायला एका कारकुनाकडं जाते. कागद पुरा होत आला की काहीतरी बोलते आणि लगेच म्हणते, हे नका लिहू. एका दुपारी मी वाचत होतो, "स्वारींचा चेहरा मला आता आठवत नाही..." पान तिथंच संपलं. उलटायला मी बोटाला थुंकी लावत होतो, तर मागून कौतिका म्हणाली, "पाठ तेवढी आठवते. जातानाची."

पान उलटलं. पहिली ओळ तीच होती.

"तुले कोनं वाचून दाखोलं हे?"

"मले कोन वाचून दाखवते? मीच त बोलली होती मास्तरांपाशी."

"मंग मले काऊन नाही लिहिलं?"

"घ्या! तिकडं गोळ्या चालू, अन् इकडून लिहू का, धनी, मी तुमचं तोंड इसरली म्हून? मीच म्हनलं, गुरुजी, हे नका लिहू. गाय व्याली ते लिहा." सूप थांबवून ती माझ्याकडं पाहत राहिली. "तुमी तरी जाताना एकदा मागं पाह्यलं काय?"

नव्हतं पाहिलं. फौजेत चाललेल्या माणसानं मागं पाहायचं नसतं, असं मला तेव्हा वाटायचं.

कादंबरी आली ती तिथून. बाईनं सांगितलेलं आणि कार्डात न लिहिलेलं, ते त्या माणसानं इतकी वर्षं जपून ठेवलं. तिनं नको म्हटलं म्हणून मला कधी बोलले नाहीत. जुन्या लढाईतल्या बाईच्या तोंडी घातलं, लोकांना माझी गोळी दाखवली, आणि मला फक्त विचारत राहिले... वाचलं का? शेवटच्या पानावर घोडेस्वार परत येतात. ती एकेकाचं तोंड पाहते, तिला ओळख पटत नाही. मग एक जण घोडा बांधायला पाठमोरा होतो. तिथं मी पुस्तक मिटलं. कौतिका म्हणाली, "वाचा ना पुढचं."

"पुढं काही नाही. ओळखते ती त्याले."

"ओळखनच," ती म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली.

हे पेपरात देऊ का, असं मी तिला विचारलं. म्हणाली, "आता लिहा."

मास्तरांच्या ओट्यावर डेस्क अजून तसंच आहे, कागदांवर ती गोळी ठेवलेली. त्यांचा मुलगा म्हणाला, "किसनकाका, तुमची आहे, घेऊन जा." म्हटलं, राहू दे तिथंच. खालच्या पायरीवर थोडा वेळ बसलो आणि निघालो. वळणावर मागं पाहायची सवय मास्तरांना कधी लागली असेल, ते आता मला समजतं. हल्ली शेतात निघालो की लिंबापाशी माझे पाय थांबतात. मी मागं वळतो, हात वर करतो. कौतिका दारातून ओरडते, "अवो, काही इसरलं काय?"

"नाही," म्हणतो, आणि ती नीट पाहीपर्यंत उभा राहतो.