खिल्लारे सिस्टर आणि पिंपळपानाचा चाकू

खिल्लारे सिस्टर चाकू हातात घेतला की आधी कानाशी धरत. घडीचा चाकू, म्हणजे पातं मुठीत मिटणारा. नख घालून त्या पातं उघडत, मिटत, पुन्हा उघडत, आणि तेवढा वेळ डोळे बंद ठेवत. मग म्हणत, "कळमनुरीकडचा हाय." बहुतेक वेळा तो कळमनुरीकडचाच निघे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते हिंगोलीच्या आठवडी बाजारात, जुन्या सामानाच्या एका पथारीपाशी. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि बरीच वर्षं असे चाकू जमवतो. शिंगाच्या मुठीचा एक चाकू मी उचलणार, तेवढ्यात पांढऱ्या साडीतल्या एका बाईंनी तो उचलून कानाशी नेला. मी जाणकाराच्या थाटात म्हणालो, "हैदराबादचं काम दिसतंय." त्यांनी माझ्याकडे न बघता पातं मिटलं. "न्हाई भाऊ, वसमतचा हाय. मूठ कुणीतरी बदलली, पण पातं दाबून धरणारी आतली कमान तीच हाय. ऐका." मी ऐकलं. मला नुसतं टक् ऐकू आलं. तसला चाकू त्यांच्याकडे होता, म्हणून त्यांनी तो मला घेऊ दिला. पुढे त्याची मूठ सैल झाली, मी ती काढली, तर आत वसमतच्या एका जुन्या कारागिराचा शिक्का निघाला. एखाद्या माणसाचा इतका हेवा मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

सिस्टर मूळच्या कुरुंद्याच्या. नोकरी साखऱ्याच्या आरोग्य उपकेंद्रात, राहायला हिंगोलीत, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. रोज सकाळी साखऱ्याची एसटी धरायच्या. कानाचं विचारलं तर सहज सांगत, "तीस वर्षं बायांच्या पोटाला नळी लावून लेकरांचे ठोके ऐकले, सर. त्याच्यापुढं ही कमान म्हणजे ढोल हाय." मी घरी दार लावून सराव केला. पंधरा चाकू कानाशी उघडून-मिटून पाहिले. सगळे सारखेच वाजले. बायको दारातून म्हणाली, "कान कापून घ्याल एखाद्या दिवशी." मी तिच्यावरच चिडलो.

माझे चाकू काचेच्या कपाटात होते, मखमलीवर, नंबर लावून. सिस्टरांचे पत्र्याच्या डब्यात, जुन्या पातळाच्या तुकड्यांत गुंडाळलेले. प्रत्येकाला दवाखान्यातली चिकटपट्टी, आणि तिच्यावर बारीक अक्षरात कारागिराचं नाव, गाव आणि त्याच्या बायकोचं नाव. बायकोचं कशाला, असं मी एकदा विचारलं. "भाता कोण हाणत होतं? ती. मंग एकट्याचंच नाव काहून लिहायचं?" माझ्या वहीत तर निम्म्या कारागिरांचीही नावं नव्हती.

लोक त्यांना आपणहून चाकू आणून देत. कुणाची बाळंतीण सुखरूप सुटली, कुणाच्या आईचा ताप उतरला, की घरात पडलेला आजोबांचा चाकू घेऊन माणूस त्यांच्या दारात उभा. मी विचारायला गेलो की तेच लोक म्हणत, "आमच्याकडं कुठला चाकू, गुरुजी?" आमच्या शाळेत मी संग्रहाचं प्रदर्शन भरवलं तेव्हा मोठेपणानं सिस्टरांनाही बोलावलं. त्या डबा घेऊन कोपऱ्यात बसल्या. तासाभरात सगळी गर्दी कोपऱ्यात. माझी मुलाखत घ्यायला आलेला वार्ताहरही तिकडेच मांडी घालून बसला, आणि बातमीत माझं नाव शेवटच्या ओळीत आलं.

त्यांचा एक नियम मात्र कडक होता. ड्युटीवर असताना चाकूचा विषय काढायचा नाही. म्हणायच्या, "आजाऱ्याच्या घरात काई मागू नये, सर. न्हाई म्हणायची त्याला सोय नसते."

आम्हा दोघांनाही एकाच कारागिराचा शोध होता. पात्यावर पिंपळपानाचा शिक्का असलेले सहा चाकू माझ्याकडे होते, चार त्यांच्याकडे. तसं सफाईदार काम आमच्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. करणारा कोण, कुठला, काहीच पत्ता नव्हता. "ज्याला आधी कळंल त्यानं दुसऱ्याला सांगायचं," असं सिस्टर म्हणाल्या होत्या आणि मी मान हलवली होती.

मला आधी कळलं. श्रावणात एका म्हाताऱ्या भांडीवाल्याला मी तो शिक्का मोबाइलवर दाखवला. तो म्हणाला, "ह्यो तर साखऱ्याचा सटवाजी. जिता हाय अजून. लई दिवस झाले भट्टी बंद करून."

साखरा. सिस्टरांच्या नोकरीचं गाव. मी घरी येऊन फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. त्यांना सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्या सटवाजीच्या ओट्यावर बसल्या असत्या. त्याच्या बायकोचं नाव, भट्टीची जागा, सगळं त्या पट्टीवर उतरलं असतं. या एका वेळी तरी मला पहिलं व्हायचं होतं. दिवाळीत लेकीच्या बाळंतपणासाठी त्या नांदेडला जाणार होत्या. मी ठरवलं, तेव्हाच जायचं. मधल्या दिवसांत त्या रस्त्यात भेटायच्या, विचारायच्या, "पिंपळपानाचं काई कळलं का?" मी म्हणायचो, "नाही ना."

दिवाळीत मी साखऱ्याला गेलो. सटवाजीबाबा दसऱ्याच्या आधीच वारले होते. सुनेनं चहा केला. "साखरेनं पाय सडला होता त्यायचा," ती म्हणाली. "शिष्टरबाई रोज येऊन पट्टी करायच्या. पोटच्या लेकीनं केलं नसतं एवढं." मी कप तसाच खाली ठेवला.

नांदेडहून परतल्यावर चारच दिवसांनी सिस्टर आमच्या घरी आल्या. बसल्या नाहीत.

"सर, तुमी पिंपळपानासाठी साखऱ्याला गेले होते म्हणे."

"हो."

"तुमाला कधी कळलं होतं?"

"श्रावणात."

"श्रावणात मी रोज पट्टी करून राहिले होते त्यांची. कागदावर आडनाव पांचाळ लिहिलेलं. पांचाळ लोहारबी असतात, सुतारबी. मी सुतार धरलं. पाय पाहत बसले, हात पाह्यलाच न्हाई." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "काहून न्हाई सांगितलं?"

खोटं बोलायला मला काही सुचलं नाही. "तुम्ही माझ्याआधी पोचला असता म्हणून."

"बराबर हाय. पोचलेच असते." त्यांचा आवाज चढला नाही. "बाबा रोज म्हणायचे, बसा जरा शिष्टरबाई, बोलायला कुणी न्हाई. मी म्हणायची, पुढचं घर हाय, बाबा. माहीत असतं तर बसले असते."

त्यानंतर त्या रस्त्यात भेटल्या की बोलायच्या, बायकोची तब्येत विचारायच्या. बुद्धपौर्णिमेला नेहमीसारखी खीरही पाठवली. पण चाकूचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. त्यांच्या घरी मला तो डबा परत दिसला नाही. सटवाजींच्या सुनेकडे त्या एका रविवारी जाऊन दिवसभर बसल्या, असं मला एसटीच्या कंडक्टरकडून कळलं. तिथे काय काय समजलं ते मी कसं विचारणार होतो?

यंदा त्या निवृत्त झाल्या आणि लेकीकडे नांदेडला राहायला निघाल्या. मी बसस्टँडवर गेलो. सामान चढवून झालं, गाडी सुटायला थोडा वेळ होता. मी धीर करून विचारलं, "सिस्टर, सटवाजीबाबा माणूस कसे होते?"

त्यांनी मला थोडा वेळ निरखलं. सांगावं की नाही याचा विचार करत असाव्यात.

"जखमेला चिकटलेली पट्टी ओढताना लई दुखायचं त्यांना," त्या म्हणाल्या. "डोळ्यातून पाणी यायचं, पण पाय हलवायचे न्हाईत. मी म्हणलं, बाबा, दुखलं तर घ्या मागं. तर म्हणायचे, हातात काम असलेल्या माणसाला धक्का देऊ नये."

गाडी सुटली. मी घरी आलो आणि वहीत पिंपळपानाच्या चाकूंसाठी ठेवलेल्या पानावर ते वाक्य लिहून ठेवलं. त्या कारागिराबद्दल माझ्याकडे एवढंच आहे, आणि तेही सिस्टरांनी दिलेलं. ते पान उघडलं की सटवाजींची आठवण यायच्या आधी अजूनही मला सिस्टरांचाच हेवा वाटतो.