तलाठ्यापाशी थांबलेली प्रार्थना

आमच्या चर्चमध्ये देशासाठी आणि राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करायचं काम माझ्या वडिलांकडं आहे. मंडळीतले ते सगळ्यात जुने पंच, त्यात निवृत्त मास्तर, त्यामुळं ही प्रार्थना हजेरी घेतल्यासारखी चालते. सुरुवात राष्ट्रपतींपासून. मग दिल्ली, मुंबई करत कलेक्टर, तहसीलदार, तलाठी, त्यानंतर सरपंच, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि अगदी शेवटी लाइटीचा वायरमन. वायरमन राज्यकर्त्यांत कसा बसला, हे कुणी विचारत नाही. उन्हाळ्यात त्याच्यावाचून आमचं पान हलत नाही. नळदुर्गच्या अलीकडं, हायवेला लागून आमचं गाव. ख्रिस्ती घरं मोजकीच. प्रार्थना लांबली की मुलं बाकावर पेंगतात आणि बायकांचा जीव घरच्या कुकरमध्ये अडकतो.

मागच्या ग्रामपंचायतीला माझा नवरा उभा राहिला आणि निवडून आला. त्यानंतरच्या रविवारी दादा, म्हणजे माझे वडील, तलाठ्यापर्यंत व्यवस्थित आले आणि तिथून थेट वायरमनवर गेले.

सगळ्या मंडळीनं डोळे उघडले. पाळकसाहेबांनीसुद्धा. मला हे दिसलं, म्हणजे माझेही उघडेच होते. नवरा तेवढा डोळे घट्ट मिटून बसला होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

दादांनी त्याला मत दिलं नव्हतं, हे आम्हाला आधीच माहीत होतं. समोरचा उमेदवार त्यांचा जुना विद्यार्थी. माझ्या नवऱ्याच्या डोक्यात निवडणुकीचं खूळ शिरायच्या आधीच दादांनी त्या विद्यार्थ्याला मताचा शब्द दिला होता, आणि तो जावयासाठी मोडतील तर ते दादा कसले? त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. घोळ झाला तो निकालाच्या दिवशी. मिरवणूक निघाली, डीजे आला, आणि नवऱ्याच्या दोस्तांनी ट्रॅक्टर नेमका दादांच्या दारात उभा केला. तिथंच नाचले, तिथंच गुलाल उधळला. नाताळासाठी नुकतीच चुना दिलेली भिंत पार गुलाबी झाली. नवरा ट्रॉलीत उभा, गळ्यात हार, हात जोडून हसतोय. दादा बाहेर आले, त्याच्याकडं बघितलं आणि आत जाऊन कडी लावली. तेव्हापासून त्यांनी आमच्या घराची पायरी चढली नाही.

त्याआधी रोज संध्याकाळी ते पेपर घेऊन आमच्याकडं चहाला यायचे. सासरा-जावई पेपरातल्या एकेका बातमीवरून असे भांडायचे की शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, आज काय झालं? माझं डोकं उठायचं, मी दोघांवर खेकसायचे. आता संध्याकाळी घरात कपाचा आवाज तेवढा यायचा, आणि मला त्या शांततेचा भयंकर राग यायचा. मला माझी भांडणारी माणसं परत हवी होती.

"म्या सांगितलं होतं का दोस्तांना दादांच्या दारात थांबायला?" नवरा म्हणायचा. "वर त्या आवाजात मला काय ऐकूबी येत न्हवतं."

"दिसत तर होतं," मी म्हणायचे.

पाळकसाहेबांनी एका रविवारी क्षमेवर उपदेश केला. दोघांनीही मन लावून ऐकला, दोघांनीही मान डोलावली. हा उपदेश समोरच्यासाठी आहे, अशी दोघांचीही खात्री होती.

शेवटी मी दादांकडं गेले. गेले म्हणजे तणतणतच गेले. "दादा, कलेक्टर तुम्हाला ओळखत नाही, त्याच्यासाठी दर रविवारी प्रार्थना करता. आणि घरचा माणूस तेवढा नको?"

दादा चष्मा पुसत बसले होते. "कलेक्टरवर माझा राग न्हाय, माय," ते म्हणाले. "याच्यावर हाय. लई हाय. देवापुढं उभं राहून मनात एक आन् तोंडात एक, हे मला जमायचं न्हाय. राग गेला की नाव घेईन. तवर खोटं बोलायला लावू नको."

मी इतकी वर्षं प्रार्थना पाठ म्हणावी तशी म्हणत आले होते, आणि इथं हा म्हातारा एक नाव घ्यायचं तर आधी मन तपासून बघत होता. राग होताच, पण मला त्यांचा अभिमानही वाटला. तसं तोंडावर मात्र बोलले नाही.

रविवार आला, की नवरा घरी येऊन चप्पल काढताना म्हणायचा, "आजबी आपण गाळलेलेच." हसत म्हणायचा, पण त्या दिवशी जेवण धड करायचा नाही. एकदा मी ताट ठेवता ठेवता म्हणाले, "अहो, तुम्हाला प्रार्थनेत नाव पाहिजे का दादा पाहिजेत, ते एकदा ठरवा."

पुढच्या शनिवारी दुपारी तो चुन्याची बादली, ब्रश आणि शिडी घेऊन सासऱ्याच्या दारात उभा राहिला. त्या दोस्तांपैकी एकालाही बरोबर घेतलं नव्हतं. गावचा सदस्य भिंत घासतोय म्हटल्यावर गल्ली गोळा झाली. कुणी फोटो काढला, कुणी आपल्याही घराचा पत्ता सांगितला. तो मान वर न करता घासत राहिला. दादांनी खुर्ची बाहेर आणली आणि बसून बघायला लागले. खालची भिंत पांढरी झाली.

"वर राहिलंय," दादा म्हणाले.

"व्हय," नवरा म्हणाला आणि शिडी सरकवली. मग शिडीवरूनच, भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "दादा, त्या दिवशी मी उतरायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

दादा उठून आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये दादा प्रार्थनेला उभे राहिले. तलाठ्यापर्यंत आले आणि थांबले. मी बाकाची कड घट्ट धरली. मग सरपंचाचं नाव आलं.

"आन् प्रभू, सदस्य," दादा म्हणाले. "त्यात आमचा जावई हाय. म्या त्याला मत दिलं न्हाय, तुला ठाऊकच हाय. पण माझ्या पोरीसाठी म्या तुझ्याकडं चांगला माणूस मागितला होता आन् तू हाच दिला होतास. ते रागात इसरलो. त्याला संभाळ. लोक त्याला लई बोलतील, त्याला ऐकून घ्यायचं बळ दे."

माझ्या नवऱ्याच्या तोंडून भर प्रार्थनेत मोठ्यानं "आमेन" निघालं. आवाज रडवेला होता.

दादा थांबले. डोळे मिटलेलेच. "दम धरा जावईबापू, गल्लीतल्या गटारीचं राहिलंय अजून," असं म्हणून त्यांनी देवाला गटारीची सगळी हकीकत सांगायला घेतली, आणि माझ्या निवडून आलेल्या नवऱ्यानं डोळे पुसून पुन्हा मुकाट्यानं हात जोडले.