बुजवलेले सांधे

सगळे गवंडी त्याला ‘ठोक्या’ म्हणत, कारण हातोडीने ठोकून पाहिल्याशिवाय तो कुठल्याच दगडावर विश्वास ठेवत नसे. माणसांवरही फारसा ठेवत नसे, पण माणसांना ठोकून बघता येत नाही, ही त्याची जुनी तक्रार होती.

सत्तरी ओलांडलेल्या ठोक्याला इस्पितळाच्या साहेबांनी बोलावलं ते पश्चिमेच्या भिंतीसाठी. तिच्यावरचा काळा ग्रॅनाइट तीस वर्षांपूर्वी त्यानेच लावला होता. या भिंतीच्या नावावर त्याला आयुष्यभर कामं मिळाली आणि आता मुलाला मिळत होती. भिंतीला लागून बाकं होती. दुपारपर्यंत तिथे सावली, म्हणून रोग्यांची माणसं तिथेच टेकत.

मुलाने शिडी धरली, ठोक्या वर चढला. दोन फरश्या खणखणीत वाजल्या. तिसरी भद्द. चौथीही भद्द. अंगठा घासला तर रव्यासारखे कण हाताला लागले. एका फरशीचं पोट सुटलं होतं. कोपऱ्यांचे टवके उडाले होते आणि ते कुणीतरी काळी पुट्टी भरून, वर पॉलिश फासून झाकले होते. पुट्टी नखाला चिकटली, तशी त्याला किळस आली. त्याने बोट विजारीला तीनदा पुसलं.

“ग्रॅनाइटला काय धाड भरलीय?” साहेब खालून म्हणाले. त्यांची नजर घड्याळावर होती. “आणखी एक हात पुट्टी मारा आणि मोकळे व्हा.”

“दुपारी हात लावून बघा, चटका बसेल. पहाटे हाच दगड गारठलेला असतो. रोज फुगायचं, रोज आक्रसायचं. त्यातले कण सगळे सारखे फुगत नाहीत, एकमेकांना रेटतात आणि सुटतात. ही फरशी खाली येणार, साहेब. माणसांच्या डोक्यावर येणार.”

“हवामानाने दगड खराब झाला, तर तो उतरवायची सोय आमच्या नियमात नाही. लावतानाची चूक असेल तर आजच दोरी बांधून उतरवतो. आहे का चूक?”

काय तो नियम, आणि काय ती माणसं! ठोक्याला थुंकावंसं वाटलं. पण चूक डोळ्यांसमोरच होती. उन्हात फुगायला जागा हवी म्हणून फरश्यांमध्ये फट सोडतात. इथे प्रत्येक सांध्यात काळा रंग कालवलेलं सिमेंट गच्च बसवलं होतं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कुणीतरी म्हणालं होतं, फटी वाईट दिसतात. चारचौघांना फटी सोडायला शिकवणाऱ्या ठोक्याने दिवसभर बसून त्या स्वतः बुजवल्या. लोकांनी भिंतीवरून हात फिरवून वाहवा केली. दोन उन्हाळ्यांत पहिला टवका उडाला, तेव्हाच त्याला सगळं कळलं होतं. तेव्हापासून तो या रस्त्याने यायचंच टाळत होता.

तो खाली उतरला. मुलगा कानाशी लागला, “बाबा, गप्प बसा. पुट्टी मारू आणि निघू. आपल्या नावावर घर चालतंय.”

पोराचीही त्याला शिसारी आली. मग लक्षात आलं, गेली अठ्ठावीस वर्षं आपण स्वतःला नेमकं हेच सांगत आलोय. त्या पुट्टीपेक्षा त्याला स्वतःचीच जास्त घाण वाटली.

“लिहून घ्या, साहेब. सांधे बुजवले, ही चूक. बुजवणारा मीच.”

साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकून पेन काढलं. मुलाने शिडी सोडली आणि मागे न बघता फाटकाबाहेर गेला.

दोरी यायला वेळ होता. ठोक्या बाकं ओढू लागला. बसलेली माणसं कुरकुरत उठली. एक म्हातारी मात्र हलेना. वर बघत तिने विचारलं, “आजारी माणसांच्या दारात असलं काम कुठल्या मेल्याने केलं?”

“मी केलं, मावशी,” ठोक्या म्हणाला. “आता उठा.”